सॉफ्टवेअर चाचणी गटाची उभारणी

सॉफ्टवेअर चाचणी गट म्हणजे एखादी संगणक प्रणाली वापरात आणण्यापूर्वी, तसेच तिच्यात बदल केल्यानंतर, ती अपेक्षेप्रमाणे चालते की नाही हे पद्धतशीरपणे तपासणारा गट होय. ज्या संस्थेत हे काम आधी प्रोग्रामर स्वतःच करीत असतात, तेथे असा स्वतंत्र गट उभारताना माणसे आणि साधने यांच्याइतकाच त्या गटाच्या अधिकाराचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रणालीत कोणते धोके शिल्लक आहेत हे निर्णय घेणाऱ्यांना वेळेत कळवणे, हे या गटाचे मुख्य कार्य आहे.

पार्श्वभूमी

संगणकाच्या आरंभीच्या काळात चाचणी हा प्रोग्रामरच्या कामाचाच भाग मानला जाई. अमेरिकेच्या मर्क्युरी अवकाश प्रकल्पातील जेराल्ड वाइनबर्ग यांचा गट हे स्वतंत्र चाचणी गटाच्या पहिल्या उदाहरणांपैकी एक समजले जाते. १९७९ साली ग्लेनफोर्ड मायर्स यांनी 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' या पुस्तकात चुका शोधण्याच्या हेतूने प्रोग्राम चालवणे अशी चाचणीची व्याख्या केली. प्रोग्राम बरोबर आहे हे दाखवू पाहणारी व्यक्ती नकळत सोपी उदाहरणे निवडते. म्हणून तपासणारी व्यक्ती शक्यतो लिहिणाऱ्याहून वेगळी असावी, हा विचार त्यातून रुजला.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत संगणक उद्योगाची पायाभरणी लवकर झाली. अंधेरी पूर्वेतील सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ साली स्थापन झाले आणि पुढे अनेक सॉफ्टवेअर कंपन्या तेथे आल्या. वर्सोव्याच्या दक्षिणेस असलेल्या जुहू येथे १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले. २००३ साली ते सी-डॅकमध्ये विलीन झाले.

उभारणीचे टप्पे

पहिला टप्पा नोंदींचा असतो. आजवर वापरकर्त्यांनी केलेल्या तक्रारी एकत्र करून कोणत्या भागात वारंवार बिघाड होतो, आणि कोणत्या बिघाडाने पैसा, वेळ किंवा विश्वास गमावला जातो, हे पाहिले जाते. या यादीवरून पहिल्या नेमणुकीसाठी कोणते कौशल्य हवे ते ठरते. बँकेच्या प्रणालीसाठी बँकेचे व्यवहार जाणणारी व्यक्ती, तर मोबाइल ॲपसाठी निरनिराळे हँडसेट आणि अस्थिर नेटवर्क यांचा अनुभव असलेली व्यक्ती अधिक उपयोगी ठरते.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक दोषाची, म्हणजे बगची, एकाच ठिकाणी नोंद करण्याची शिस्त लावली जाते. दोष कोणत्या क्रमाने घडला, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी नोंदीत असाव्या लागतात. याच टप्प्यात प्रत्यक्ष वापरातील प्रणालीपासून वेगळी ठेवलेली चाचणीची प्रत तयार केली जाते.

तिसरा टप्पा स्वयंचलित चाचण्यांचा आहे. नवा बदल केल्यावर जुने काही मोडले का, हे पाहण्यासाठी त्याच त्या तपासण्या पुनःपुन्हा कराव्या लागतात. त्या संगणकाकडे सोपवल्यास टेस्टरचा वेळ नव्या शक्यता शोधण्यासाठी मोकळा राहतो. काय तपासायचे हे निश्चित होण्याआधीच स्वयंचलनाची साधने विकत घेतल्यास मात्र चुकीच्या गोष्टी अधिक वेगाने तपासल्या जातात.

चाचण्यांची निवड

प्रत्येक शक्यता तपासणे जवळजवळ कधीच शक्य नसते. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो मार्गावर १२ स्थानके आहेत. अशा मार्गासाठी तिकिटाचे ॲप तयार केले असे समजल्यास, प्रवासाच्या १३२ जोड्या होतात. तिकिटाचे ३ प्रकार आणि पैसे भरण्याच्या ३ पद्धती धरल्या, तर ही संख्या १,१८८ होते. फोनचे प्रकार, गर्दीची वेळ आणि मध्येच तुटलेले नेटवर्क यांचा त्यात अजून विचारही झालेला नाही.

म्हणून टेस्टर एकसारख्या शक्यतांचे वर्ग पाडतात आणि प्रत्येकातून एखादे उदाहरण घेतात. भाड्याचा टप्पा जेथे बदलतो त्याच्या अलीकडचे व पलीकडचे स्थानक मात्र आवर्जून तपासले जाते, कारण सीमेवर चुका अधिक आढळतात. पैसे कापले गेले पण तिकीट मिळाले नाही, या स्थितीला रंगातील चुकीपेक्षा कितीतरी वरचे स्थान दिले जाते.

देवनागरी मजकुराची चाचणी

महाराष्ट्रात वापरल्या जाणाऱ्या प्रणालींसाठी हा स्वतंत्र विषय आहे. 'वर्सोवा' हा शब्द वाचकाला तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्याचे ७ घटक होतात आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना २१ बाइट लागतात. नावासाठी २० बाइटांचा रकाना ठेवणाऱ्या प्रणालीत हा शब्द तुटतो. रफार, 'ऱ्य' मधील ऱ्, 'ॲ', 'ळ' आणि देवनागरी अंक यांचे लेखन, शोध व वर्णक्रम वेगवेगळे तपासावे लागतात. मराठी वाचणारी व्यक्ती गटात नसेल, तर असे दोष नजरेतून सहज सुटतात.

मुंबईतील दोन घटना

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या सर्व शाखांतील उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच वेळी लागू केली. उत्तरपत्रिकांची संख्या सुमारे १७ लाख होती. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले. पुढील शिक्षणासाठी प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा फटका बसला. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. थोड्या उत्तरपत्रिकांवर चालणारी पद्धत लाखोंच्या भाराखाली आणि प्रथमच ती वापरणाऱ्या शिक्षकांच्या हाती कशी चालेल, हा चाचणीचा वेगळा प्रश्न असतो, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले आणि दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले. दूरसंचार जोडण्यांतील बिघाडानंतर जोखीम व्यवस्थापन प्रणाली अनुपलब्ध झाली होती. पर्यायी व्यवस्था असली, तरी मुख्य व्यवस्था बंद पडण्याची तालीम वेळोवेळी करावी लागते, ही बाब त्यानंतर चर्चेत आली.

अधिकार आणि मर्यादा

चाचणी गटाने केवळ प्रकल्पप्रमुखालाच उत्तर द्यायचे असेल, तर मुदत जवळ आल्यावर अप्रिय अहवाल दडपला जाण्याची शक्यता असते. त्यामुळे अनेक संस्थांत गटाला वरिष्ठांपर्यंत थेट अहवाल देण्याची सोय ठेवली जाते. प्रणाली सुरू करायची की नाही, हा अंतिम निर्णय बहुधा व्यवस्थापनाचा असतो. तो धोके माहीत असताना घेतला जावा, ही गटाची जबाबदारी आहे.

सापडलेल्या दोषांची संख्या हे गटाच्या कामाचे पुरेसे माप नाही. त्यावर बढती ठरू लागली, की किरकोळ दोषांच्या नोंदी फुगतात आणि प्रोग्रामर व टेस्टर यांच्यात वैर वाढते. शिवाय चाचणीने दोष असल्याचे दाखवता येते, मुळीच नसल्याचे सिद्ध करता येत नाही. त्यामुळे काय तपासले याबरोबरच काय तपासले नाही, याचीही नोंद चांगल्या अहवालात असते.