चार आट्यांचा आधार

बरणीचे झाकण आपण फिरवून बसवितो. झाकणाच्या आत व बरणीच्या गळ्याभोवती ज्या तिरप्या कडा असतात, त्यांना आटे म्हणतात. आटे एकमेकांत पुरते गुंतले म्हणजे झाकण ओढूनही निघत नाही; अर्धाच वेढा गुंतला असेल, तर ते लहानशा हिसक्यानेही निसटते. याच कारणाने मोठमोठ्या ट्रकांची इंजिने कशी अडून बसतात, ते आता पाहू.

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते. दट्ट्या ते दाबतो आणि स्पार्क प्लग विजेची ठिणगी पाडून ते पेटवितो. डिझेलच्या इंजिनाला असा प्लग लागत नाही. तेथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटते. मिश्रण पेटताच सिलिंडरमधील दाब वातावरणाच्या दाबाच्या पन्नास पटींपर्यंत चढू शकतो. प्लगच्या आटे पाडलेल्या भागाचा व्यास पुष्कळदा १४ मिलिमीटर असतो. तेवढ्या इवल्याशा जागेवर सुमारे ७५ किलोग्रॅम, म्हणजे एका धडधाकट माणसाच्या वजनाइतका, रेटा बसतो. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला असे १,००० तडाखे बसतात. हा सारा मारा आटेच सोसतात.

अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९९७ च्या सुमारास आपल्या ट्रकांत ‘ट्रायटन’ नावाची इंजिने बसविली. त्यांची हेडे ॲल्युमिनियमची होती. हा धातू हलका खरा, पण पोलादापेक्षा मऊ. प्रारंभीच्या अनेक हेडांत प्लगला धरून ठेवण्यास अवघे चारएक आटे होते. प्लग किंचित सैल झाला, की प्रत्येक तडाख्यासरशी तो हले, मऊ आटे झिजत आणि एके दिवशी मोठा आवाज होऊन प्लग बाहेर उडे. पुढील काळातील हेडांत आटे वाढविण्यात आले.

इंजिनातून टिक् टिक् असा नवा आवाज येऊ लागला, तर ती धोक्याची सूचना असू शकते. प्लग उडालाच, तर गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. उघड्या भोकातून पेट्रोलमिश्रित हवा बाहेर पडते व तिला आग लागण्याचे भय असते. तुटलेल्या आट्यांत तोच प्लग पुन्हा बसविणे व्यर्थ होय. कुशल मिस्त्री भोक थोडे मोठे करून त्यात आतून-बाहेरून आटे असलेली धातूची नळी घट्ट बसवितो. हे करताना धातूचा कीस सिलिंडरमध्ये राहणार नाही, याची तो काळजी घेतो.

परंतु दुरुस्तीपेक्षा दक्षता बरी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढावा. कारण तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि त्या स्थितीत आट्यांना इजा होते. खाचेतील धूळ आधी हवेने उडवावी. नवा प्लग प्रथम हातानेच फिरवावा, म्हणजे आटे वाकडे गुंतत नाहीत. शेवटी जोर मोजणाऱ्या पान्याने, निर्मात्याने सांगितले असेल तेवढेच आवळावे. कमी आवळल्यास प्लग सैल होतो; अधिक आवळल्यास आटे फाटतात.

कित्येक मण ओझे वाहणारा ट्रक असा बोटभर प्लगवर व त्याच्या चार आट्यांवर विसंबून असतो. म्हणून चांगला कारागीर लहान कामही मोठ्या कामाइतक्याच मन लावून करतो.