तालुक्याच्या गावाची गोष्ट

पूर्णा स्टेशनात तीन दिशांचे रूळ एकत्र येतात. एक परभणीकडून, म्हणजे मनमाड-औरंगाबादहून आलेला; दुसरा नांदेडवरून हैदराबादेकडे जाणारा; तिसरा वसमत, हिंगोली, वाशीम करत अकोल्याला पोचणारा. निजामाच्या राज्यात हे मीटरगेजचं जंक्शन होतं. अकोल्याच्या मार्गाचं गेज बदललं ते थेट २००८ मध्ये. रुळांमुळे इथे रेल्वे वसाहत आली, वसाहतीबरोबर देशाच्या दुसऱ्या टोकाची माणसं आणि भाषा आल्या. पलीकडे मोंढा, अडतीची दुकानं, तहसील कचेरी, गुरू बुद्धिस्वामींचा मठ, त्यांच्याच नावाचं महाविद्यालय, आणि धम्म परिषदेमुळे मराठवाडाभर ओळखलं जाणारं बौद्ध विहार. खेड्यातल्या माणसाला हे शहर वाटतं. पुण्यामुंबईच्या माणसाला खेडं वाटतं. आपल्याकडच्या कथा-कादंबऱ्यांनी या दोन्हींच्या मधल्या जागेकडे फार उशिरा पाहिलं, आणि ती नीट दाखवली ती प्रामुख्याने मराठवाड्यातल्या आणि त्याला लागून असलेल्या वऱ्हाडातल्या लेखकांनी. त्या लेखनाचं, आणि ते वाचणाऱ्या इथल्या वाचकाचं, मोल मोठं आहे. ‘ग्रामीण साहित्य’ असा शिक्का मारून ते वेगळ्या कप्प्यात ठेवल्यामुळे आपण त्यातलं निम्मं वाचतच नाही.

सुरुवात बी. रघुनाथांपासूनच करायला हवी. भगवान रघुनाथ कुळकर्णी यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३ चा, सातोन्याचा. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं. शिक्षण हैदराबादेत झालं आणि उमेद होती ती वर्षं निजामी सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी करण्यात गेली. राज्यकारभार उर्दूत, घरातली भाषा मराठी, छापखाने आणि प्रकाशक दूर पुण्यामुंबईला. अशा ठिकाणी बसून त्यांनी कविता लिहिल्या, ‘साकी’, ‘फकिराची कांबळी’, ‘छागल’ हे कथासंग्रह दिले, ‘बाबू दडके’, ‘उत्पात’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’ या कादंबऱ्या लिहिल्या. ७ सप्टेंबर १९५३ ला कचेरीत काम करत असतानाच ते गेले. वय अवघं चाळीस. ‘आडगावचे चौधरी’ त्यांच्या मृत्यूनंतर आली.

त्यांची माणसं निमशहरातली आहेत. पगार कमी आणि अब्रूची काळजी जास्त असलेला नोकरदार, बदलीच्या हुकमाची धास्ती, जमीनदारीचा उतरता वाडा, भाड्याच्या खोल्या, आणि या सगळ्यावर एका संस्थानी राजवटीची सावली. मराठी कादंबरी त्या काळात मुख्यतः पुणेरी-मुंबईकर मध्यमवर्गाची होती. त्या वेळी परभणी-नांदेडकडचा कारकून कादंबरीच्या मध्यभागी आणून बसवणं ही लहान गोष्ट नव्हती. दुर्दैवाने अजूनही बाहेरचा वाचक त्यांना कवी म्हणून थोडं ओळखतो, कादंबरीकार म्हणून जवळजवळ नाहीच. परभणीने मात्र त्यांना सोडलेलं नाही. शहरात त्यांच्या नावाचं सभागृह आहे. शंभरी ओलांडलेलं गणेश वाचनालय त्यांच्या स्मृतीसाठी महोत्सव भरवतं आणि त्याचं सूत्र असतं ‘एक पुस्तक, एक दिवस’. एका दिवशी एकाच पुस्तकावर बोलायचं. लेखकाच्या सत्काराला शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवणारे कार्यक्रम आपल्याकडे भरपूर आहेत. पुस्तकालाच पाहुणा करणारा कार्यक्रम दुर्मीळ. मला तो मराठवाड्याच्या वाचनसंस्कृतीचा सगळ्यात अभिमानास्पद भाग वाटतो.

बी. रघुनाथांनंतरची मोठी पायरी म्हणजे रा. रं. बोराडे. त्याआधी खेडं मराठीत आलं नव्हतं असं नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ ची, ‘बनगरवाडी’ १९५५ ची. पुढे कथाकथनाच्या कार्यक्रमांनी खेड्यातली बोली घरोघर नेली, पण त्यातून एक सवयही लागली: बोली कानावर पडली की शहरी श्रोता हसायच्या तयारीत बसायचा. १९७१ मध्ये ‘पाचोळा’ आली आणि ती सवय तिने मोडली. लातूरकडच्या काटगावच्या बोराड्यांनी गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून सांगितली, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तिच्याच बोलीत. गावातल्या पुढाऱ्यांची मर्जी फिरली की कपडे शिवून पोट भरणाऱ्या माणसाचं काय होतं, हे ती चुलीपाशी बसून सांगावं तसं सांगते. प्रमाण मराठीतला एकही निवेदक मध्ये येऊन तिचं बोलणं समजावून देत नाही. त्यामुळे तिचं दुःख कुणाच्या दयेवर उभं राहत नाही. बोराडे फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून काम करताना त्यांनी खेड्यातल्या किती लिहित्या पोरांची हस्तलिखितं वाचली असतील याला गणती नाही, आणि मराठवाड्यातली पुढची पिढी त्यांचं ऋण मोकळेपणाने सांगते.

भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ पाठ्यपुस्तकात होती, म्हणून ती आपल्यापैकी पुष्कळांनी वयाच्या आधी वाचली. बाजारात टमाट्यांना भाव मिळत नाही आणि बाप आपलाच माल पायाखाली तुडवतो. पोरगा बघत असतो. आठवड्याच्या बाजाराचं गाव पाहिलेल्या वाचकाला ही कथा वेगळी लागते. त्याला माहीत असतं की पहाटे माल काढणं, तो वाहून नेणं, जागेची पावती, हे सगळं भाव कळण्याच्या आधीच खर्च झालेलं असतं. बापाचा संताप अचानक आलेला नाही. तो सकाळपासून चढत आलेला आहे. वर्गात आम्हाला ‘शेतकऱ्याचं दारिद्र्य’ असा एका ओळीचा आशय लिहायला शिकवला गेला. कथा दारिद्र्याविषयी कमी आणि भाव ठरवण्याच्या अधिकाराविषयी जास्त आहे. शेतकरी संघटनेचं अधिवेशन १९८४ मध्ये परभणीत भरलं होतं, शरद जोशींनी मांडलेला रास्त भावाचा प्रश्न या जिल्ह्याच्या पारापारावर बोलला गेला होता. ज्याने ते ऐकलं, त्याला चंदनशिव समजावून सांगावे लागत नाहीत.

हाच धागा आसाराम लोमटे यांच्याकडे येतो. लोमटे सेलू तालुक्यातले, परभणीत राहून पत्रकारिता करणारे. ‘इडा पिडा टळो’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह, आणि ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘लोकसत्ता’तलं ‘धूळपेर’ हे सदरही त्यांचंच, आणि ‘तसनस’ ही कादंबरी शेतकरी चळवळीच्या चढउताराच्या पार्श्वभूमीवर उभी आहे. त्यांच्या दीर्घ कथा वाचताना पहिल्यांदा जाणवते ती माहितीची घनता. ग्रामपंचायतीत आरक्षण पडलं की खुर्ची कुणाची आणि शिक्का कुणाच्या खिशात, सोसायटीच्या कर्जात नाव कुणाचं आणि पैसा कुणाचा, कुणाच्या वस्तीकडे जाणारा रस्ता मंजूर होऊनही होत नाही, हे त्यांना बातमीदार म्हणून ठाऊक आहे. पण बातमी जिथे संपते तिथे कथा थांबत नाही. अन्याय करणाराही कुणाच्या तरी दाबाखाली असतो, आणि दबलेला माणूसही संधी मिळाली की हिशेब करतो, हे ते दाखवतात. त्यामुळे वाचकाला एका बाजूला उभं राहून सुटका मिळत नाही.

लोमट्यांच्या गावाला सीमा नाही. पात्रं सारखी तालुक्याला येत-जात असतात. कामं तिथेच अडकलेली असतात: सातबारा, फेरफार, पीकविम्याचा अर्ज, बँकेची रांग, कोर्टाची तारीख, कृषी केंद्राची उधारी, पोराचं कॉलेज, बाईचं बाळंतपण. शेतात पिकतं, पण निकाल मोंढ्यात लागतो. आजचं खेडं समजून घ्यायचं तर त्याच्या तालुक्याच्या गावातच जावं लागतं, आणि हे लेखन आपल्याला बरोबर तिथे नेतं. बालाजी सुतारांचा ‘दोन शतकांच्या सांध्यावरच्या नोंदी’ हा संग्रहही याच जागेवरून लिहिलेला आहे. विसावं शतक संपता संपता गावात काय आलं आणि गावातून काय गेलं, याचा हिशेब त्यात आहे, आणि त्यांच्या लेखनावरून झालेल्या ‘गावकथा’ या प्रयोगाने तो हिशेब पुस्तक न वाचणाऱ्यांपर्यंतही पोचवला.

पूर्णेहून अकोल्याच्या गाडीत बसलं की काही तासांत वऱ्हाड लागतं, आणि तिथे सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आहे. २००२ ची ही कादंबरी. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. एकनाथ शिकलेला आहे, शिक्षक होण्याची पात्रता त्याच्याकडे आहे, पण संस्थेला द्यायला पैसे नाहीत. शेती त्याला पोसत नाही आणि नोकरी त्याला घेत नाही. बायको अलकाने वेगळ्या आयुष्याच्या आशेने लग्न केलेलं. या कादंबरीत दुष्काळापेक्षाही भयंकर गोष्ट आहे ती म्हणजे डिग्री. तालुक्याच्या गावात कॉलेज काढून आपण पोरांना जी आशा विकली, तिचं पुढे काय झालं याची इतकी पूर्ण नोंद दुसरीकडे क्वचितच असेल.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही असा एक कापसाचा मुलूख आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतलं मिसिसिपी राज्य. काळ्या माणसांची गुलामी, १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध, त्यातला पराभव, मग शतकभराचं वर्णभेदाचं राज्य. त्या युद्धात तिथला कापूस अडला तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला होता, म्हणजे नातं जुनंच आहे. त्या मुलखातल्या ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात विल्यम फॉकनर राहिले आणि त्यांनी आजूबाजूच्या भूभागावरून एक काल्पनिक परगणाच रचला. १९४९ चं नोबेल त्यांना मिळालं. ‘द हॅम्लेट’, ‘द टाउन’ आणि ‘द मॅन्शन’ या त्यांच्या तीन कादंबऱ्यांत फ्लेम स्नोप्स नावाचा माणूस खेड्यातल्या दुकानातल्या कारकुनीपासून सुरुवात करतो आणि परगण्याच्या गावातल्या बँकेचा अध्यक्ष होतो. आवाज न चढवता, एकेक माणूस बाजूला सारत. आपल्या पतसंस्था, बाजार समित्या आणि शिक्षणसंस्था ज्याने जवळून पाहिल्या आहेत, त्याला फ्लेमची ओळख करून द्यावी लागणार नाही.

फॉकनरनंतरही ती परंपरा थांबली नाही. त्याच ऑक्सफर्डच्या अग्निशमन दलात नोकरी करणारे लॅरी ब्राऊन रात्रपाळ्या सांभाळत कथा लिहायला शिकले आणि पुढे नामवंत कादंबरीकार झाले. जेस्मिन वॉर्ड या मिसिसिपीच्या किनाऱ्यावरच्या कृष्णवर्णीय लेखिका आपल्याच गावावरून घडवलेल्या गावाच्या गोष्टी सांगतात. २००५ च्या कॅटरिना वादळावरची त्यांची ‘सॅल्वेज द बोन्स’ आणि नंतरची ‘सिंग, अनबरीड, सिंग’ या दोन्ही कादंबऱ्यांना अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. ऑक्सफर्डच्या चौकात १९७९ पासून ‘स्क्वेअर बुक्स’ हे पुस्तकांचं दुकान आहे. ते काढणारे रिचर्ड हॉवर्थ पुढे दोनदा गावाचे नगराध्यक्ष झाले. पुस्तकविक्रेत्याला गावाने नगराध्यक्ष करावं, ही गोष्ट मला त्या नोबेलइतकीच मोठी वाटते. लेखक एकेकटे उगवत नाहीत. त्यांच्याभोवती वाचणारं गाव लागतं.

आपल्याकडे ती साखळी तुटक आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगाव अनुदानित वाचनालयं झाली, पण त्यांतल्या अनेकांत आजही वर्तमानपत्रं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं यांनाच गर्दी असते. नांदेडच्या विद्यापीठाच्या मराठीच्या अभ्यासक्रमात यांतले काही लेखक येतात, पण विद्यार्थी पुस्तकाऐवजी गाईड वाचतो. तालुक्याच्या गावात कथासंग्रह विकत मिळेल असं दुकान शोधावं लागतं. खतं-बियाणांचं मात्र गल्लोगल्ली असतं. तरीही या गावांतला वाचक, तो सापडतो तेव्हा, लेखकाला मिळू शकणारा सगळ्यात कठोर आणि सगळ्यात प्रामाणिक वाचक असतो. कापूस वेचणीचा महिना चुकला, मापाड्याच्या तोंडी नको ती भाषा घातली, सालगड्याची उचल अवाच्या सवा दाखवली, तर तो पान मिटतो. मात्र सगळं बरोबर असूनही आत माणूस नसेल तर तेही त्याला कळतं. ओळख पटण्याचा आनंद पहिल्या वाचनात संपतो. दुसऱ्या वाचनात तो विचारतो की आपल्यालाही माहीत होतं, मग आपण हे पाहिलं का नाही.

एक मोठी जागा अजून रिकामी आहे. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांमुळे पूर्णा नदीच्या काठची काही गावं कोरडवाहूची बागायती झाली. ऊस आला, वसमतेला साखर कारखाना आला, हळद आली. पाणी मिळालेलं गाव आणि शेजारचं न मिळालेलं गाव यांच्यातल्या सोयरिकी कशा बदलल्या, याची कादंबरी मला हवी आहे. तशीच रेल्वेची. मीटरगेजची गाडी बंद झाल्यावर फलाटावरच्या चहावाल्याचं, गँगमनच्या कुटुंबाचं, बदलीवर येऊन इथेच राहिलेल्या तेलुगू घराचं काय झालं? दुष्काळाच्या चित्रणाला आपण सरावलो आहोत. जंक्शनचं गाव मराठी कादंबरीत अजून मुक्कामाला आलेलं नाही. ती लिहिणारी मुलगी किंवा मुलगा बहुधा आत्ता कुठल्यातरी तालुक्याच्या महाविद्यालयात बसलेला असेल.

पहिल्यांदाच या वाटेने जाणाऱ्याला मी ‘आलोक’ हातात देईन, आणि एका बैठकीत एकच कथा वाचायला सांगेन. त्या दाट आहेत. मग ‘पाचोळा’, तीही शक्य असेल तर मोठ्याने, घरातल्या कुणाला तरी ऐकवत. ‘बारोमास’ला आठवडा लागेल. बी. रघुनाथांच्या कादंबऱ्या दुकानात मिळण्याची शाश्वती नाही, त्यासाठी वाचनालयाचं कपाट उघडायला लावावं लागेल. गणेश वाचनालयाच्या महोत्सवाला सप्टेंबरात परभणीला जाता आलं तर उत्तमच. पूर्णेहून सकाळची गाडी धरली तर संध्याकाळी परत येता येतं.