खोबरेल प्यायल्यानं चरबी खरंच साठत नाही का?

सध्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय: सकाळी उपाशीपोटी दोन चमचे खोबरेल तेल प्या, त्याची चरबी होत नाही, थेट ताकद होते, हृदयही साफ राहतं. आपल्या बऱ्हाणपुरात खोबरेल म्हणजे डोक्याला लावायचं. खायला शेंगदाणा, सोयाबीन नाहीतर सरकी. आता ते सोडून महागडं खोबरेल आणायचं का, असं घराघरांत विचारतात. मेसेजमधली थोडी गोष्ट खरी आहे, आणि गोंधळ तिथूनच होतो.

कुठलंही तेल घ्या, त्यात मेदाम्लं असतात. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या मण्यांची माळ समजा. ६ ते १२ मण्यांची माळ ती मध्यम. शेंगदाणा, सोयाबीनमधल्या बहुतेक माळा १८ मण्यांच्या. तारली-बांगड्यातलं ओमेगा-३ तर २० आणि २२ मण्यांचं, म्हणजे मासळीची चरबी लांब माळांची. मध्यम माळा मिळतात खोबरेलात, थोड्या दुधात, आणि बकरीच्या दुधात जरा जास्त. कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही त्यांची नावंसुद्धा लॅटिनमधल्या बकरीच्या नावावरून पडलीत. बकरीच्या दुधाला जो वास येतो, त्यात यांचाच हात.

आता पोटात काय होतं ते बघू. राजघाटावर मोठा माल निघाला की बर्फ लागतो, पेट्या लागतात, गाडी लागते. लांब माळांचं तसंच आहे. त्यांना आधी पित्ताशयातलं पित्त लागतं, स्वादुपिंडाचा रस लागतो. लहान आतड्यात त्या फुटतात, आतड्याच्या पेशीत परत जोडल्या जातात आणि प्रथिनाच्या वेष्टनात बांधल्या जातात. हा माल सरळ रक्तात जात नाही. तो लसिकेच्या बारीक नळ्यांतून छातीतून वर चढतो आणि मानेच्या डाव्या बाजूला रक्तात उतरतो. तिथून अंगभर वाटप होतं आणि उरलेलं साठ्यात जातं.

मध्यम माळ म्हणजे टोपलीभर मासळी. डोक्यावर घेतली की थेट बाजारात. तिला पित्त फारसं लागत नाही, बांधाबांध लागत नाही. आतड्यातून ती रक्तवाहिनीनं सरळ यकृतात जाते आणि तिथं लवकर जळते. मेसेजमधलं खरं ते एवढंच. पण ताकद तिच्यातही ग्रॅमला सुमारे ८.३ कॅलरी आहे, साध्या तेलात ९. वापरली नाही तर वजन वाढणारच.

या जवळच्या रस्त्याचा खरा उपयोग आजारात होतो. हत्तीपायाच्या जंतूंनी लसिकेच्या नळ्या खराब झाल्या की काही रोग्यांना दुधासारखी पांढरी लघवी होते, तेलकट खाल्लं की जास्तच. ती चरबीच गळत असते. माणूस खातो आणि वाळत जातो. मध्यम माळा त्या नळ्यांतून फारशा जातच नाहीत. म्हणून अशा रोग्यांना साधं तेल कमी करून एमसीटी नावाचं, फक्त मध्यम माळांचं तेल देण्याचा उपाय अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६४ मध्ये छापून आणला, आणि तो आजही वापरतात. स्वादुपिंड बिघडलेले, आतडं कापावं लागलेले रोगी, दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेली बाळं, यांनाही डॉक्टर गरज पाहून ते देतात. (हत्तीपायाचा डास वाहत्या तापीत नाही, गटाराच्या साचलेल्या घाण पाण्यात वाढतो, हेही ध्यानात ठेवा.)

पण खोबरेल म्हणजे एमसीटी नव्हे. खरोखर जवळच्या रस्त्यानं जाणाऱ्या ८ आणि १० मण्यांच्या माळा खोबरेलात साधारण सातवा-आठवा हिस्साच. निम्म्याच्या आसपास असतं १२ मण्यांचं लॉरिक. कागदावर ते मध्यम, पण शरीरात त्यातलं बरंचसं लांबच्याच रस्त्यानं जातं. वरून खोबरेलातली ९० टक्क्यांच्या आसपास चरबी संपृक्त, म्हणजे तुपासारखी गोठणारी. शेंगदाणा-सोयाबीनच्या जागी ते खाल्लं तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. हृदय साफ होण्याची गोष्ट इथंच संपते. कोकणातले मच्छीमार पिढ्यान्पिढ्या नारळ खातात हे खरं, पण ते कालवणात मासळी-भाताबरोबर. उपाशीपोटी चमच्यानं तेल पीत नाहीत.

तेव्हा घरातलं शेंगदाणा तेल बंद करू नका. शरीराला जी मेदाम्लं बाहेरूनच घ्यावी लागतात, ती शेंगदाणा-सोयाबीनमधून मिळतात, मासळीतूनही मिळतात. एमसीटीत ती नसतातच. एमसीटीची बाटली स्वतःच्या मनानं आणू नका. एकदम जास्त घेतलं तर पोटात मुरडा येतो, जुलाब लागतात. यकृताचा आजार असेल, साखर फार वाढलेली असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हातच लावायचा नाही. तान्ह्या बाळाच्या दुधात तर घरच्या घरी कुठलंच तेल घालू नका. आणि घरात कुणाला पांढरी लघवी होत असेल तर लाजून गप्प बसू नका, जिल्हा रुग्णालयात दाखवा. तपासणीला सांगतील तेव्हा रक्त रात्रीच द्यायला जा, कारण हत्तीपायाचे जंतू बहुतेक रात्रीच रक्तात सापडतात.