तोरणमाळला जावे की न जावे?



लागण, खोडवा, पाणीपाळी आणि ऊसबिल हे आपले नेहमीचे विषय. या अंकात जरा वेगळा विषय घेतला आहे. हल्ली घरोघरी पोरं मोबाईलवर गुलमर्गची, औलीची चित्रं पाहतात. पायांना लांब पट्ट्या बांधून माणसं बर्फावरून घसरताना दिसतात, आणि मग "आपण कधी जायचं?" म्हणून बापामागे टुमणं लागतं. घसरण्याइतका बर्फ महाराष्ट्रात कुठेच पडत नाही, आणि काश्मीरचा खर्च खोडव्याच्या बिलात बसत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "त्यापेक्षा आपलं तोरणमाळ काय वाईट?" लगेच दुसरा विचारतो, "तठे दखासारखं काय शे, भो?"

या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी विचार करू.

तोरणमाळ हे सातपुड्यातलं, अक्राणी तालुक्यातलं ठिकाण. उंची सुमारे ११५० मीटर, म्हणजे पावणेचार हजार फुटांच्या घरात. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तोवर ते आपल्याच धुळे जिल्ह्यात होतं. शिंदखेड्याहून दोंडाईचा, सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा, आणि तिथून सुमारे ५५ किलोमीटर घाटाचा रस्ता. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला वर पोचता येतं. हा पहिला फायदा. गुरं-ढोरं शेजाऱ्यावर सोपवून दोन दिवसांत परत येता येतं.

दुसरा फायदा, तिथे पाहण्यासारखं आहे. यशवंत तलाव आहे. सीताखाईचा कडा आहे. पावसाळ्यात तिथे धबधबा कोसळतो आणि तळ दिसत नाही. गोरक्षनाथाचं देवस्थान आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, मध्य प्रदेश आणि गुजरातेतूनही आदिवासी भाविक येतात. म्हाताऱ्या माणसांना देवदर्शन आणि पोरांना डोंगर, असं दोन्ही एकाच खेपेत साधतं.

आता तोट्यांकडे वळू. थंड हवेचं ठिकाण म्हणून मे महिन्यात जाणाऱ्याने आधी हिशेब करावा. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. आपल्याकडे ४३ अंश असेल तर वर ३७ किंवा ३८ असणार. रात्री बरं वाटतं, दुपारी मात्र घामच. शिवाय उन्हाळ्यात सीताखाई कोरडी आणि डोंगर उघडे. अशा वेळी गेलेला माणूस परत येऊन "काही नाही तिथे" असं सांगत फिरतो, त्यात तोरणमाळचा दोष नाही.

भर पावसात गेलं तर हिरवळ भरपूर, पण घाटात धुकं दाटतं, दरडीची भीती असते. गेल्या खेपेस आम्ही काही सभासद घरच्यांसह वर गेलो तेव्हा एका वळणावर धुक्यामुळे पाऊण तास गाडी उभी ठेवावी लागली. बायामाणसं नामस्मरण करीत होती आणि आम्ही पुरुष उगाच धीराच्या गोष्टी बोलत होतो. राहण्याची सोय मोजकी. ऐनवेळी खोली मिळेल, मोठा दवाखाना जवळ असेल, असं धरून निघू नये.

हिवाळा सगळ्यांत चांगला, पण तेव्हा आपल्याला सवड कुठली? गव्हाणीत मोळी पडली की शेतकऱ्याचा जीव तोडचिठ्ठीत अडकलेला. पाळी आली आणि मालक डोंगरावर, असं होऊन चालत नाही. सबब आपल्यासाठी योग्य वेळ एकच: पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर अखेरपासून कारखान्याचा बॉयलर पेटेपर्यंत. पाणी वाहतं असतं, रान हिरवं असतं, आणि उसाला तोड नसते.

इथवरचा हिशेब पैशाचा आणि वेळेचा झाला. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट.

त्या खेपेस वर एका टपरीवर चहा घेत होतो. शेजारी एक म्हातारे पावरा बाबा बसले होते. त्यांनी विचारलं, कुठले? आम्ही शिंदखेड्याकडचे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मुलगा आणि सून तीन हंगाम आमच्या भागात ऊसतोडीला होते, म्हणाले. त्यांनी शिवाराचं नाव सांगितलं, विहिरीची खूण सांगितली. मग सहज विचारलं, "दादा, टोळी उतरते तिथं आता पाण्याची सोय झाली का? सून फार लांबून आणायची."

आमच्यापैकी कुणालाही उत्तर देता आलं नाही. बाबांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते अधिक लागलं. चहाचे पैसेसुद्धा त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत. पाहुणे आहात, म्हणाले.

अक्राणी, अक्कलकुवा भागातली कितीतरी कुटुंबं दरसाल ऊसतोडीला गुजरातेत आणि इतरत्र उतरतात. होळीला टोळी गावी गेली की आपण बांधावर उभे राहून चरफडतो, ऊस वाळतोय म्हणतो. पण सातपुड्यात होळी हा वर्षाचा सगळ्यांत मोठा सण. ते डोंगर, त्या वस्त्या, ती दूरदूरची घरं डोळ्यांनी पाहिली म्हणजे माणूस एवढा प्रवास करून सणाला का जातो, ते सांगावं लागत नाही. परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, "औंदा टोळी यायच्या आत टाकीची व्यवस्था आपणच करू." आणि त्यांनी केली.

तेव्हा एकंदरीत आमचं मत असं: तोरणमाळला जावे. मात्र शहाद्यालाच गाडीत तेल भरावे, अंधार पडण्याच्या आत घाट चढावा, मुक्कामाची सोय आधी करावी. प्लास्टिक आणि बाटल्या परत आणाव्यात. खाण्याच्या वस्तू, रानमेवा तिथल्याच माणसांकडून घ्यावा आणि घासाघीस करू नये. विनापरवानगी कुणाचे, विशेषतः बायाबापड्यांचे फोटो काढू नयेत. आपल्या अंगणात कुणी तसं केलेलं आपल्याला चालेल का?

बर्फ पाहायला मिळणार नाही, हे पोरांना आधीच सांगून टाकावे. आपला ऊस कोण तोडतं, ते कुठून येतात, हे मात्र त्यांना जरूर दाखवावे.

जे सभासद जाऊन आले असतील त्यांनी आपले बरे-वाईट अनुभव लिहून कळवावेत. पुढील अंकात अवश्य घेऊ.