नको ते काढताना

उबुंटूवरचे नको असलेले पॅकेज काढायला टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट रिमूव्ह' आणि पुढे त्याचे नाव, एवढी ओळ पुरते. 'रिमूव्ह'ऐवजी 'पर्ज' लिहिले, तर त्याच्या सेटिंगच्या फायलीही जातात. तुमच्या होम फोल्डरमधल्या मात्र राहतात.

मी एकदा 'पायथन ३' अडगळ समजून काढायला गेलो. काय काय जाणार याची लांबलचक यादी आली. ती न वाचताच 'वाय' दाबले. पायथनवर अवलंबून असलेली सगळी मंडळी त्याच्याबरोबर गेली. संगणक पुन्हा सुरू केला, तर डेस्कटॉपच नाही! काळ्या पडद्यावर नाव विचारणारी एक ओळ. माझे लेखन शाबूत होते, हे नशीब.

आता आधी 'डॅश एस' जोडून रंगीत तालीम करतो. त्यात काहीच जात नाही, यादी तेवढी दिसते. पॅकेजबरोबर आलेली आणि आता कुणालाच न लागणारी पॅकेजे 'ऑटोरिमूव्ह' काढते. तिचीही यादी वाचतोच.