धावपट्टीविना उड्डाण

कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं गेलं. त्यासाठी ते गच्चीवरून उतरवून वांद्रे-कुर्ला संकुलात न्यावं लागलं. लोकांनी डोळे भरून पाहिलं, पण उडवून बघायची सोय नव्हती.

मिश्र वास्तव सिम्युलेटर ही उणीव भरून काढतो. आसन, दांडा, थ्रॉटल खरे. डोक्यावरच्या हेडसेटचे कॅमेरे आपले हात आणि कॉकपिट जसंच्या तसं दाखवतात, आणि खिडकीबाहेरचं आभाळ, धावपट्टी मात्र संगणक रंगवतो. निव्वळ आभासी वास्तवात स्वतःचे खरे हात दिसत नाहीत, बटणं चाचपडावी लागतात. हेडसेट कुठलाही असो, मान वळल्यावर चित्र क्षणभर जरी मागे राहिलं, तरी मळमळू शकतं.

यातली खरी मेख गणितात आहे. नवं विमान अजून उडालेलंच नसतं. त्याचं ‘वागणं’ आकडेमोडीतून आणि वातबोगद्यातल्या चाचण्यांतून आलेलं असतं. ते गणित कच्चं असेल, तर देखणं चित्रही खोटंच. अशा प्रात्यक्षिकाला उड्डाणचाचणी समजू नये.

तरी सरावाला धावपट्टी लागत नाही, हेही खरं. विदर्भातल्या शेगावचंच घ्या: इथं विमानतळ नाही. धावपट्टीसाठी अकोल्याजवळच्या शिवणीकडे पाहावं लागतं. सिम्युलेटरला मात्र एक खोली आणि भरवशाची वीज पुरते. श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय इथं १९८३पासून आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनो, दांडा, आसन आणि हेडसेट जुळवून सुरुवात तर करा!