पाऊस, भुताचा सिनेमा आणि घरच्या मक्याच्या लाह्या

रामनगर : जोयडा तालुक्यात पाऊस एकदा बसला की दिवेलागणीनंतर घराबाहेर पडावंसं वाटत नाही. मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा तर लोंढा, खानापूर ओलांडून बेळगाव गाठायचं आणि शो सुटल्यावर त्याच जंगलातल्या रस्त्याने काळोखात परत यायचं. त्यापेक्षा भयपट घरीच बघितलेला बरा. कौलांवरचा पाऊस आणि परड्यातला अंधार कुठल्याही थिएटरात मिळत नाही. राहता राहिले पॉपकॉर्न. ते तर आपल्या मक्याच्या लाह्याच की! नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडणाऱ्या घरांना हे काम नवं नाही.

फक्त मका वेगळा लागतो. शेतातल्या कणसाचे वाळवलेले दाणे कढईत टाकले तर ते करपतात, फार तर तडकतात. फुटणाऱ्या मक्याचं साल कडक आणि घट्ट असतं आणि आत साधारण १४ टक्के ओलावा असतो. दाणा १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की आतल्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते. दाब बाहेरच्या हवेच्या आठ-नऊ पट झाला की साल फुटतं आणि आतलं पीठ फेसासारखं फुलून बाहेर येतं. म्हणजे दाणा जुना होऊन वाळला की लाही होत नाही. अशा दाण्यांना बरणीत चमचाभर पाणी घालून, झाकण लावून, मधूनमधून हलवत दोन दिवस ठेवलं तर बरेचसे पुन्हा फुटतात.

जाड बुडाच्या पातेल्यात तीन चमचे शेंगदाण्याचं तेल आणि तीनच दाणे घाला. ते फुटले की तेल तापलं. आता अर्धी वाटी दाणे टाका, झाकण किंचित तिरकं ठेवा आणि पातेलं हलवत राहा. झाकण गच्च लावलं तर वाफ आतच राहते आणि लाह्या चिवट होतात. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंदांचं अंतर पडू लागलं की गॅस बंद. घाण्याचं खोबरेल किंवा लोणी या आचेला धुरकटतं, म्हणून ते फोडायला नको. चवीला वरून घाला, छान लागतं.

चवीची खरी अडचण असते ती मसाला न चिकटण्याची. मीठ जाडं असेल तर सगळं तळाला जातं, म्हणून मीठ, मसाला मिक्सरला अगदी पीठ करून घ्या. लाह्यांवर आधी चमचाभर पातळ तूप, मग मसाला. ओली चटणी किंवा लिंबू पिळायचं नाही, लाही लगेच बसते. आपल्याकडची सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी यासाठी एक नंबर. आमसुलं मंद तव्यावर कडक होईपर्यंत वाळवून मीठ, मिरी आणि थोडी साखर घालून दळली तर आंबट-तिखट पूड होते, ती आम्हाला चटणीहून जास्त आवडली. गोड हवं असेल तर अर्धी वाटी गूळ चमचाभर तुपात वितळवा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर कडक होऊन मोडला की चिमूटभर खायचा सोडा घाला. पाक फेसाळतो आणि लाह्यांवर पातळ बसतो. हा पाक अंगावर पडला तर फार वाईट भाजतं, त्या वेळी पोरांना ओट्याजवळ फिरकू देऊ नका.

आता सिनेमा. घरात शाळकरी मुलं असतील तर महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ (१९९३). तात्या विंचूचा बाहुला अजूनही दचकवतो आणि लक्ष्मीकांत बेर्डे लगेच हसवतातही. कानडी किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या कानावर दोन तास मराठी पडते, तीही ‘अभ्यास कर’ न म्हणता. मुलं झोपल्यावर मोठ्यांनी विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) लावावा. उसाच्या फडातली भुतं आणि पूजा सावंतने केलेली गरोदर बाई. पण त्यातलं भय भुतांचं कमी आणि मुलगी नको म्हणणाऱ्या माणसांचं जास्त. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत असला तरी घर, माणसं, पाऊस सगळं कोकणातलं. त्यातला हस्तर सोनं मिळवतो, पण धान्याला मुकतो आणि कायम भुकेला राहतो. त्याला भुलवायला पिठाची बाहुली लागते. मांडीवर लाह्यांचं ताट घेऊन हे बघणं जरा विचित्रच वाटतं! तो मुलांसाठी नाही.

एक गोष्ट मात्र गंमतीची नाही. चार वर्षांखालच्या मुलांना लाह्या देऊच नयेत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि भयपटाच्या वेळी तर अजिबात नको. दचकल्यावर माणूस पटकन श्वास आत ओढतो. तोंडात अर्धवट चावलेली लाही किंवा न फुटलेला दाणा असेल तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. आधी चांगलं असलेलं मूल खाताना अचानक खोकू लागलं आणि नंतर छातीतून घरघर येऊ लागली, तर खोकला थांबला म्हणून गप्प बसू नका. त्याच रात्री डॉक्टरकडे न्या. इथून मोठं हॉस्पिटल किती लांब आहे ते तुम्हाला माहीतच आहे. आजी-आजोबांच्या कवळीत न फुटलेला दाणा आला तरी त्रासच. म्हणून लाह्या मोठ्या भोकांच्या चाळणीतून हलवून घ्या, दाणे खाली पडतात. हे मसाला लावायच्या आधी करा, नाहीतर मसालाही जातो.

सिनेमा दुपारीच मोबाईलवर उतरवून ठेवा आणि बॅटरी भरून घ्या. पावसाळ्यात लाईट नेमकी दार करकरतं त्याच वेळी जाते. गेली तर मेणबत्ती लावा, लाह्या संपवा आणि आजीला तिच्या लहानपणची गोष्ट विचारा. सुपा धरणामुळे इकडे येऊन वसलेल्या घरांत बुडालेल्या गावाच्या आठवणी अजून आहेत.